इंजिन बदलायचं, पण कुणाच्या भरवशावर?

यवतमाळ, पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड, वणी. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाबाहेर पडणाऱ्या रस्त्यावर थोडं चालून बघा. पंक्चरवाला, बॅटरीवाला, डेंटिंग-पेंटिंग, लेथ, आणि दोन पाट्या सोडून इंजिनकाम करणारा मिस्त्री. पाट्यांवरची नावं वाचली की यातली बरीच दुकानं कुणाची हे सांगावं लागत नाही. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालानेही मुस्लिम कामगार ज्या धंद्यांत जास्त आढळतात त्यांत वाहनदुरुस्तीचा उल्लेख केला होता. एवढा मोठा धंदा आपल्या हातात असूनही आपल्या सभांत, लेखांत, जलशांत त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. डॉक्टर आणि इंजिनिअर झालेल्या मुलांचे सत्कार होतात. बसलेलं इंजिन पुन्हा चालू करणाऱ्या पोराचा सत्कार मी अजून पाहिलेला नाही.

म्हणून आज इंजिनवर लिहितो. तेही साध्या नव्हे, वेगवान टर्बो गाडीच्या इंजिनवर. कारण आपल्या मिस्त्रीचा हुन्नर, त्याचं ईमान आणि त्याचं अर्धवट राहिलेलं शिक्षण या तिन्ही गोष्टींची परीक्षा ते एकाच वेळी घेतं.

अशा गाड्या आपल्याकडे नव्या नाहीत. स्कोडाने २००४ साली ऑक्टाव्हिया आरएस भारतात आणली. १.८ लिटरचं टर्बो इंजिन, १५० हॉर्सपॉवर. त्या काळी ही ताकद ऐकून लोक कान टवकारत. ही गाडी जुळायची ती तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला, म्हणजे आपल्याच महाराष्ट्रात. २०१३ साली फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आली, ती चाकणची. या गाड्या मुंबई-पुण्यात दोन-तीन हात फिरतात, किंमत उतरते आणि मग आपल्याकडच्या एखाद्या कापूस व्यापाऱ्याच्या, कंत्राटदाराच्या मुलाच्या दारात येऊन उभ्या राहतात. पांढरकवड्याहून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ त्यांना पळायला मोकळा मिळतो. अडचण सुरू होते ती पावसाळ्यात, नाल्यावरच्या कमी उंचीच्या पुलावर.

आधी त्यामागचं विज्ञान सांगतो. शिकवण्याची सवय आहे, सहन करा. इंजिन चार टप्प्यांत काम करतं: हवा आत ओढणं, ती दाबणं, पेटवणं, धूर बाहेर टाकणं. आजच्या टर्बो पेट्रोल इंजिनात आत आलेली हवा जवळपास दहाव्या हिश्शाएवढ्या जागेत दाबली जाते. हवा दबते. पाणी दबत नाही. हवेच्या नळीतून पेलाभर पाणी सिलिंडरमध्ये शिरलं आणि पिस्टन वर आला की काहीतरी तुटणं किंवा वाकणं भाग असतं. बहुतेक वेळा कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी तो तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर एका सिलिंडरमध्ये ही दाबण्याची क्रिया मिनिटाला १००० वेळा होते. म्हणजे विचार करायलाही वेळ मिळत नाही. वेगवान गाडी बुटकी असते आणि टर्बोने तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर बहुधा पुढे खाली बसवलेला असतो. जीप ज्या पाण्यातून निघते त्यात ही गाडी बुडते.

२२ जुलै २०२३चा पाऊस आपण विसरलेलो नाही. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या माणसांसाठी हवाई दलाचं हेलिकॉप्टर बोलवावं लागलं होतं. त्याआधी सप्टेंबर २०२१मध्ये उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात एसटी बस वाहून गेली, माणसं गेली. बस वाहून नेणाऱ्या पाण्यात कारचं काय होणार? म्हणून पहिला सल्ला फुकटचा आहे: पुलावर पाणी असेल तर थांबा. दुसरा तितकाच महत्त्वाचा: गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. नुसती बंद पडलेली गाडी बऱ्याचदा प्लग काढून, पाणी बाहेर काढून, ऑइल बदलून वाचते. घाबरून मारलेल्या सेल्फने रॉड वाकतो.

आणि विमा? २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा असंख्य गाड्यांची इंजिनं अशीच गेली. पूर आला हे विमा कंपन्यांना मान्य होतं. पण पाण्यात इंजिन चालू केल्याने जे तुटलं ते पुराचं नुकसान नव्हे, असं त्यांचं म्हणणं असे आणि ग्राहक मंचांत भांडणं चालत. आता इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम जादा हप्ता भरून घेता येतं. नाल्या-ओढ्यांच्या जिल्ह्यात टर्बो गाडी ठेवणाऱ्याने ते घेतलेलं बरं.

आता मूळ प्रश्न. इंजिन गेलंच, पुढे काय?

वाटा चार आहेत. एक, इंजिन खोलून जे वाकलं-तुटलं तेवढंच बदलायचं. दोन, हाफ इंजिन, म्हणजे ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन बसवलेला खालचा भाग नवीन घ्यायचा आणि आपलं हेड दुरुस्त करून वर चढवायचं. तीन, कंपनीकडून पूर्ण नवं इंजिन. चार, अपघातात गेलेल्या गाडीचं वापरलेलं इंजिन बाजारातून आणायचं. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून सगळीकडे असे बाजार आहेत. तिसरी वाट सर्वांत निर्धोक, पण जुन्या गाडीच्या बाबतीत खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. चौथी सर्वांत स्वस्त दिसते. तिथेच माणूस फसतो.

माझ्या मामेभावाच्या गाडीचं असंच झालं. टर्बो पेट्रोल, पावसात गेलेली. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला होता, त्यामुळे पहिली वाट बंद. घरात लग्न होतं, त्याला गाडी त्याआधी रस्त्यावर हवी होती. एका बाहेरगावच्या विक्रेत्याकडून फोनवरच सौदा झाला. 'फक्त ४० हजार किलोमीटर चाललेलं, एकदम चोख.' इंजिन ट्रान्सपोर्टने आलं आणि बसवायला ज्याच्याकडे दिलं तो मिस्त्री माझा जुना विद्यार्थी निघाला. आठवीनंतर वडिलांच्या आजारपणात शाळा सुटलेला.

त्याने इंजिन लगेच उचलून गाडीत टाकलं नाही. आधी टॅपेट कव्हर उघडलं. आत डांबरासारखा काळा गाळ. ऑइल वेळेवर न बदलता चालवलेल्या इंजिनाची ही खूण. मग ऑइल फिल्टर कापून कागद पसरला, त्यात बारीक चमकी होती. ही चमकी म्हणजे बेअरिंगचा धातू. प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला, तर एका सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे. त्याने मामेभावाला सरळ सांगितलं, 'हे मी बसवणार नाही.' मामेभाऊ चिडला. मजुरी दुप्पट देतो म्हणाला, दुसरा मिस्त्री गाठतो म्हणाला. मला मध्ये घातलं, तेव्हा तो पोरगा मला म्हणाला, 'सर, हे दोन महिन्यांत बसेल. तेव्हा विकणाऱ्याला कोण शोधायला जाणार? नाव माझं जाईल.'

लग्नाला वरात भाड्याच्या गाडीतून गेली. विक्रेत्याने अर्धेच पैसे परत केले. मग दुसरी वाट धरली: नवं हाफ इंजिन मागवलं, हेड नागपूरला लेथवर तपासून, व्हॉल्व्ह बसवून आणलं. गाडी उभी राहायला जवळजवळ दोन महिने लागले.

या दोन महिन्यांत इंजिन बदलणं म्हणजे नक्की काय ते मी जवळून पाहिलं. चार बोल्ट काढून जुनं उतरवलं आणि नवं चढवलं, असं ते नसतं. पहिलं इंजिन का गेलं याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसरं चढवायचं नाही, हा पहिला नियम. तुटलेल्या इंजिनाची चमकी टर्बोत, ऑइल कूलरमध्ये, इंटरकूलरच्या नळ्यांत जाऊन बसलेली असते. ती तशीच राहिली तर नवं इंजिन जुन्याचा कचरा गिळून मरतं. लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या टर्बोला ऑइलची बारीक नळी चोंदलेली चालत नाही. टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप इंजिन बाहेर असतानाच बदलायचा, कारण तेव्हा हात सहज पोचतो. क्लच आणि इंजिनचे रबरी माउंटिंग तेव्हाच तपासायचे. पहिल्यांदा चालू करण्याआधी स्पार्क आणि पेट्रोल बंद ठेवून इंजिन फिरवायचं, म्हणजे ऑइलचा दाब सगळीकडे पोचतो. आणि पहिले हजार-पंधराशे किलोमीटर सांभाळून चालवायची. नवं इंजिन बसवलं म्हणून त्याच आठवड्यात समृद्धीवर १२० ने ताणायची नाही.

आणि कॉम्प्युटर. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या इंजिनांत सेन्सर वेगळे असू शकतात, म्हणून इंजिनवरचा कोड जुळवूनच माल घ्यावा लागतो. दुसऱ्या गाडीचा ईसीयू उचलून लावला तर चोरीरोधक यंत्रणा गाडी चालूच होऊ देत नाही. सगळं जोडल्यावर स्कॅनर लावून एरर वाचावे लागतात, थ्रॉटलची नव्याने ओळख करून द्यावी लागते.

इथे माझा विद्यार्थी अडला. स्कॅनर त्याने कर्ज काढून घेतलेला आहे, पण त्यावर येणारी वाक्यं इंग्रजीत. तो पडद्याचे फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवायचा. मी शब्द वाचून अर्थ सांगायला लागलो की माझं वाक्य पूर्ण होण्याआधी तो म्हणायचा, 'समजलं सर, तो प्रेशरचा सेन्सर.' मला इंग्रजी येत होतं आणि त्याला इंजिन. थेट पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात २०० बारपर्यंत दाब असतो, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास नव्वदपट, हे त्याने मला सांगितलं. दाब, आकारमान आणि उष्णता यांचं जे नातं मी वर्गात फळ्यावर लिहितो ते त्याच्या बोटांना ठाऊक आहे. फक्त त्याच्याजवळ त्याचा कागद नाही.

कागदाचा विषय निघालाच आहे तर कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका ठामपणे मांडली. इंजिन बदललं की १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमती लागते. बेकायदा बदल सापडला तर २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल इंजिन टाकून बिनधास्त फिरायचे दिवस गेले. आपल्या एमएच २९ पासिंगच्या किती गाड्यांत आरसीवर एक नंबर आणि ब्लॉकवर दुसरा असेल, याचा विचार केला की काळजी वाटते.

कारण नंबर जुळला नाही तर विमा अडतो, गाडी विकताना अडचण येते, आणि सर्वांत वाईट म्हणजे ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर चौकशी गॅरेजवर येते. उत्तर प्रदेशात मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या तोडण्यावरून देशभर बदनाम झाला आणि २०२१च्या शेवटी पोलिसांनी बंद केला. तिथे प्रामाणिकपणे धंदा करणारेही होतेच, पण कागद नसले की प्रामाणिक आणि चोर सारखेच दिसतात. आजच्या वातावरणात आपल्या नावाच्या पोराकडे संशय जरा लवकर वळतो, हे कटू असलं तरी खरं आहे. त्यावर रडत बसण्यापेक्षा प्रत्येक इंजिनमागे बिल, विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि जुन्या गाडीचे कागद यांची एक फाईल ठेवणं जास्त उपयोगाचं. भंगारातून आलेलं इंजिन असेल तर सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्राची पावती मागायची. कागद नाही तर माल नाही. हा नियम एका गॅरेजने पाळून भागणार नाही, पूर्ण रस्त्याने पाळला पाहिजे.

ईमानाबद्दल वेगळं प्रवचन मी देणार नाही. फक्त एक आठवण करून देतो. मदिनेच्या बाजारात प्रेषितांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकला आहे. पावसाने भिजलं, असं विक्रेत्याने सांगितलं. मग भिजलेलं वर का ठेवलं नाहीस, की लोकांना दिसलं असतं, असं त्याला विचारलं गेलं. पाऊस पडणं हा विक्रेत्याचा गुन्हा नव्हता, ओल लपवणं हा होता. आपल्या कापसाच्या मुलखात हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. १२ टक्क्यांच्या पुढे ओलावा असलेला कापूस सीसीआय घेत नाही, म्हणून मशीन लावून बघते. वापरलेल्या इंजिनाला असं मशीन नाही. तिथे मिस्त्रीनेच हात घालायचा असतो, आणि हाताला लागलेली ओल गिऱ्हाइकाला सांगायची असते, मजुरी बुडत असली तरी. माझ्या विद्यार्थ्याने नेमकं तेच केलं. आठवी शिकलेल्या पोराने.

तरीही आठवीवर त्याचं अडतं, हे मला शिक्षक म्हणून टोचतं. आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे की गॅरेजला जाणाऱ्या मुलाला शाळेची गरज नाही, उस्ताद शिकवतो ते पुरे. कार्ब्युरेटरच्या काळात ते पुरलंही असेल. आता नाही. आज मिस्त्रीला परिवहन कार्यालयाचा अर्ज मराठीत भरावा लागतो, स्कॅनर इंग्रजीत वाचावा लागतो, आणि बँकेत कर्ज मागताना प्रमाणपत्र दाखवावं लागतं. उर्दू माध्यमात शिकणाऱ्या मुलाला मराठी 'फक्त पास होण्यापुरतं' पुरेल असं मानणारे पालक आणि आमच्यातले काही शिक्षकही त्याचं नुकसान करतात. ज्या जिल्ह्यात त्याला धंदा करायचा आहे तिथलं गिऱ्हाईक, शासन आणि पोलीस ठाणं मराठीत बोलतं.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. शाळेनेही गॅरेजला कमी लेखू नये. उस्ताद-शागिर्दाची परंपरा ही एक शाळाच आहे. तिथे चूक झाली की लाल शेरा मिळत नाही, गाडी परत येते. या दोन शाळांमध्ये पूल नाही, हे खरं दुखणं. पुलाच्या कमानी मात्र उभ्या आहेत. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्याला दहावी लागते. दहावी राहिली असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, ती करता येते, उर्दूतही आणि मराठीतही. आणि जे वर्षानुवर्षं काम करत आले आहेत त्यांचं आहे तेच कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे. आपल्या मशिदींच्या, जमातींच्या, शिक्षणसंस्थांच्या कमिट्यांनी शुक्रवारी नमाजनंतर अर्धा तास टेबल टाकून हे फॉर्म भरून घेतले तर त्याला निधी लागत नाही. खुर्ची, पेन आणि मराठी येणारा एक माणूस लागतो. माणूस मी आहे, खुर्ची कुणीही द्या.

गिऱ्हाइकांनाही, ते कुठल्याही धर्माचे असोत, दोन शब्द. मिस्त्रीला 'लवकर कर आणि स्वस्तात कर' हे एका दमात सांगू नका. जुने पार्ट परत मागा, तो तुमचा हक्क आहे. बिल मागा आणि बिलावर लागणारा कर टाळण्यासाठी 'बिल नको' म्हणू नका, कारण तेच बिल उद्या तुम्हाला आणि त्याला दोघांना वाचवेल. आणि मिस्त्री नाही म्हणाला तर त्याचं ऐका. होकार देणारे पुष्कळ मिळतात.

बॅटरीच्या गाड्या आल्या, आता इंजिनच उरणार नाही, मग हे सगळं कशाला, असं कुणी विचारेल. इंजिन जाईल, पण विजेच्या गाडीला हात लावणाऱ्याला तर वाचता आलंच पाहिजे. तिथे चुकीची तार धरली तर जीव जातो. आज चौदा-पंधरा वर्षांचा जो मुलगा पाना हातात घेऊन एखाद्या गॅरेजच्या दारात उभा आहे, तो पन्नाशीला पोचेल तेव्हा रस्त्यावर कुठली गाडी असेल हे कुणालाच सांगता येत नाही. त्याच्या हातातला पाना काढून घेऊ नका. दुसऱ्या हातात दहावीचं पुस्तक द्या. फॉर्म भरायला या, मी शाळेत असतोच.